जुन्या पिकअपचा काटा खरे बोलतो का?



ऊस विकास खात्याच्या माणसाने इंजिनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांवरच लिहितो. परंतु आपल्या कार्यक्षेत्रात आता घरटी नाही तरी वस्तीगणिक एक पिकअप आहे. बेणे आणायचे ते पिकअपने, रोपवाटिकेतून रोपांचे ट्रे आणायचे ते पिकअपने, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, हुंड्याचे नव्हे पण लग्नाचे सामानसुद्धा पिकअपनेच. यांतील पुष्कळ गाड्या दुसऱ्याकडून घेतलेल्या, दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या. गट ऑफिसात बसले की तांबेऱ्याच्या खालोखाल एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो : "साहेब, गाडी गरम होतीय का नॉर्मल हाय, वळखायचं कसं?"

आम्ही मेकॅनिक नव्हे. शेतकी पदविकेच्या वेळी ट्रॅक्टरचे इंजिन खोलून जोडले होते, तेवढीच आमची विद्या. बाकीचे जे शिकलो ते नुकसान सोसून शिकलो. ते नुकसान आधी सांगतो, म्हणजे पुढचे नीट ध्यानात येईल.

सालपे घाटातला प्रसंग

२०२२ च्या जुलै अखेरीस आम्ही खात्याची जुनी डिझेल पिकअप घेऊन पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून को ८६०३२ चे मूलभूत बेणे आणीत होतो. आडसालीची लागण तोंडावर आलेली. ज्या सभासदाच्या रानात हा बेणेमळा करायचा होता त्याने सऱ्या काढून, माणसे सांगून ठेवली होती. लोणंद सोडले आणि सालपे घाट लागला. गाडी भरलेली, दुसऱ्या गिअरवर चाललेली. काटा मध्यावरून थोडा वर चढला. घाटात तो चढतोच, म्हणून आम्ही काही बोललो नाही. निम्मा घाट चढला असेल-नसेल, तोच काटा खाली येऊ लागला. मध्यावर आला, मध्याच्याही खाली गेला. ड्रायव्हर खूष झाला. म्हणाला, "सायेब, बघा, गार पडली गाडी." आम्हीही मान डोलावली.

त्यानंतर दीड-दोन किलोमीटर गेलो असू. गाडीची ओढ कमी झाली, इंजिनातून खडखड येऊ लागली आणि जळक्या रबरासारखा वास सुटला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले तर खालचा होज पाईप क्लिपजवळ फाटलेला आणि पाणी सगळे रस्त्यावर सांडून गेलेले. काटा खाली आला होता तो गाडी गार पडली म्हणून नव्हे. काट्याला खबर देणारा जो सेन्सर हेडच्या वरच्या अंगाला बसवलेला असतो, त्याच्याभोवती पाणीच उरले नव्हते. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचे तापमान सांगतो. पाणी गेले की तो हवेत आणि वाफेत लोंबकळतो, आणि हवा त्याला पाण्याइतकी उष्णता देऊ शकत नाही. चुलीवरच्या उकळत्या आधणात बोट घालवत नाही, पण त्याच चुलीशेजारच्या तापलेल्या हवेत हात सहज धरता येतो, तसाच हा प्रकार. आत लोखंड पेटायला आलेले आणि काटा म्हणतोय 'सर्व कुशल'.

हेड वाकले होते. हेडचे पॅकिंग गेले, फेसिंग करून घ्यावे लागले, एका पिस्टनलाही चरे पडले. बिलाचा आकडा येथे लिहीत नाही, लेखा विभागाला तो पाठ आहे. बेणे दुसऱ्या वाहनात भरून न्यायला दीड दिवस गेला. सांगितलेली माणसे दुसऱ्याच्या रानात निघून गेली, लागण चार दिवस लांबली. उन्हात पडलेल्या मोळ्यांचे डोळे वाळले ते वाळलेच, त्या रानात पुढे पुष्कळ नांग्या भराव्या लागल्या. त्या सभासदाने आम्हांस एका शब्दाने बोल लावला नाही, याचे आम्हांला जास्त वाटले.

नॉर्मल म्हणजे किती?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डिझेल जळून जी उष्णता होते तिच्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकापर्यंत कामाला लागतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे धुरातून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्यामार्फत रेडिएटरमधून हवेत सोडावा लागतो. हे सोडण्याचे काम जास्त झाले तरी वाईट आणि कमी झाले तरी वाईट. म्हणून इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला नुसता 'वॉल' म्हणतात. तिच्या पोटात मेणाची गोळी असते. मेण तापून फुगले की झडप उघडते, गार झाले की मिटते. ओढ्याच्या पाटावर दारे धरणारा माणूस जसे पाणी बघून दारे मोडतो-बांधतो, तसे ती दिवसभर करीत असते. झडपेवर आकडा कोरलेला असतो. आपल्याकडच्या डिझेल पिकअपमध्ये तो पुष्कळदा ८२ असतो, काहींत थोडा कमी-जास्त. याचा अर्थ ८२ अंशांना झडप उघडू लागते आणि आणखी दहा-बारा अंश चढल्यावर पुरती उघडते.

यावरून नॉर्मल काय ते निघते. सपाट रस्त्यावर, बेताचा माल भरलेला असताना पाणी ८२ ते ९२ च्या दरम्यान राहिले तर इंजिन ठीक आहे. भर उन्हात, भरल्या गाडीने घाट चढताना ते ९५ वर, क्वचित शंभरावर गेले आणि घाटमाथा आल्यावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा खाली आले, तरीही काळजीचे कारण नाही. १०५ च्या पुढे जाऊ लागले तर गाडी थांबवायची जागा शोधावी. ११० ला शोधत बसू नये, जिथे आहे तिथे कडेला घ्यावी.

येथे कोणी म्हणेल, "पाणी शंभराला उकळतं, मग १०५ पर्यंत थांबायचं कसं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या कारखान्यातच आहे. ज्या सभासदांनी पॅन स्टेशन पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की तेथे पॅनमधली हवा ओढून घेऊन दाब कमी करतात, म्हणून पाक ६५-७० अंशांवरच उकळतो आणि साखर करपत नाही. रेडिएटरचे झाकण नेमके याच्या उलट करते. ते पाणी कोंडून दाब वाढवते. झाकणावर ०.९ किंवा १३ असा आकडा असतो. पहिला किलोचा, दुसरा पौंडाचा, दाब जवळपास तोच. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. गुऱ्हाळवाल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, गूळ उतरवण्याचे माप तेच. त्यातच निम्मे कूलंट मिसळले असेल तर उकळी आणखी सात-आठ अंश पुढे जाते. काकवीत साखर विरघळलेली असते म्हणून ती पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळते, कूलंटचेही तसेच.

परंतु झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग ढिली पडली, की हा सगळा हिशेब मोडतो. साताऱ्याच्या आसपासच्या उंचीवर मोकळे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. म्हणजे झाकण गेलेल्या गाडीचे पाणी घाटात ९८ ला खळखळू लागेल, बाटलीत उतू जाईल आणि काटा मात्र धोक्याच्या खुणेपासून चांगला लांब असेल. एकच आकडा एका गाडीला निरोगी आणि दुसरीला घातक असतो तो असा. नवीन झाकण दोन-तीनशे रुपयांना मिळते. आम्ही पाहिलेल्या 'गरम होणाऱ्या' गाड्यांत निदान तिसऱ्या हिश्श्याच्या गाड्यांचा आजार झाकणाशीच संपला. लोक मात्र रेडिएटर बदलून मोकळे होतात.

काट्याला दुसरा साक्षीदार

जुन्या पिकअपच्या काट्यावर बहुधा आकडे नसतातच. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच आणि मध्ये नुसती रेघ. मधली रेघ म्हणजे ८५ की ९५, कंपनीलाच ठाऊक. शिवाय पंधरा वर्षांत सेन्सर बदललेला असतो, तोही दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असू शकतो. म्हणून कोर्टात जसा एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत, तसे काट्याचे म्हणणे दुसऱ्या मापाशी ताडून पाहावे लागते.

दुसरे माप म्हणजे इन्फ्रारेड तापमापक, पिस्तुलासारखा हातात धरायचा. हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात हजार-दोन हजारांत मिळतो. येथे एक खुलासा केला पाहिजे. २०२० साली करोनात कपाळावर धरायचे जे यंत्र सोसायटीने, शाळेने घेतले ते या कामी येत नाही. ते माणसाच्या तापापुरतेच मोजते, इंजिनवर धरले तर नुसते 'हाय' दाखवते. एका सभासदाने ते पाहून घाबऱ्या घाबऱ्या गाडी टोइंग करून आणली होती.

तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर सुरू करावी. इंजिन गार असतानाच झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे ना ते पाहावे. चावी फिरवावी, काटा सी वर असला पाहिजे. गार इंजिनवर तो मध्ये कुठे उभा असेल तर काटाच खोटा. मग गाडी चालू करून वरचा होज पाईप हाताने चाचपावा, पंख्यापासून हात आणि उपरण्याचे टोक सांभाळून. सुरुवातीची बरीच मिनिटे तो गारच राहिला पाहिजे, कारण झडप मिटलेली असते. डिझेल इंजिन नुसते उभे ठेवून लवकर तापत नाही, म्हणून गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी. एक वेळ अशी येते की वरचा पाईप थोड्याच वेळात गारचा चटका बसण्याइतका गरम होतो. झडप उघडली ती तेव्हा. आणि जर वरचा पाईप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर समजावे की झडप अडकून उघडी राहिली आहे किंवा कोणीतरी काढूनच टाकली आहे.

गाडी फिरवून आणल्यावर इंजिन चालू ठेवूनच तापमापक थर्मोस्टॅटच्या डब्यावर, म्हणजे वरचा पाईप जेथे इंजिनला लागतो तेथे, चार बोटांवरून धरावा. लांबून धरला तर आजूबाजूचे सगळे मिसळून भलताच आकडा येतो. आणखी एक फसगत अशी की चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खरेपेक्षा पुष्कळ कमी दाखवते. त्यासाठी डब्यावर काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्यावा आणि त्यावरच मोजावे. ठिपक्यावर ८३ ते ९२ च्या दरम्यान काही आले की गाडी नॉर्मल. पत्र्याचे बाहेरचे अंग आतल्या पाण्यापेक्षा दोन-चार अंश गार असते, तेवढी सूट धरावी. त्याच वेळी रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या अंगालाही मोजून ठेवावे. खालचे अंग वरच्यापेक्षा काही अंशांनी गार असले पाहिजे. वर आग आणि खाली अगदीच थंड असेल तर पाणी फिरत नाही, म्हणजे वॉटर बॉडी नाहीतर तुंबलेला रेडिएटर. रेडिएटरच्या जाळीवर यंत्र फिरवताना मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तेवढ्या नळ्या क्षाराने बंद झालेल्या आहेत.

आता महत्त्वाचे. ठिपक्यावर ८५ च्या आसपास आकडा आहे, या घटकेला समोरच्या मीटरवर काटा जिथे असेल तिथे काचेवर खूण करावी. आम्ही घरातून टिकली मागून घेतली आणि काचेवर चिकटवली. मंडळी हसली, पण खात्याच्या गाडीवर ती टिकली अजून आहे, आणि नवीन ड्रायव्हरला आम्ही एकच गोष्ट सांगतो : सपाटीवर काटा टिकलीपाशी असला पाहिजे. वर गेला तरी सांगायचे, खाली गेला तरी सांगायचे.

काट्याचा स्वतःचाच दोष असू शकतो, तो शोधायची एक सोपी रीत आहे. मात्र ती जुन्या, एकतारी सेन्सरच्या गाडीसाठीच. चावी चालू ठेवून सेन्सरची तार काढावी. काटा पूर्ण सी वर गेला पाहिजे. तीच तार इंजिनच्या उघड्या लोखंडाला एक-दोन सेकंद टेकवावी, काटा सरसर एच कडे धावला पाहिजे. (काही थोड्या गाड्यांत हे उलटे असते.) दोन्ही झाले तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष सेन्सरमध्ये शोधावा. ज्या गाड्या कॉमन रेल इंजिनच्या आहेत, ज्यांना आपण 'सेन्सरची गाडी' म्हणतो, त्यांच्या सेन्सरची खबर आधी कॉम्प्युटरला जाते. तेथे तारा टेकवण्याचे धाडस करू नये. आणि हेडलाइट लावला किंवा ब्रेक दाबला की काटा हलत असेल तर इंजिनला दोष न देता अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करावी. सेन्सरच्या आट्यांना प्लंबिंगची पांढरी टेप भरपूर गुंडाळली तरी अर्थिंग तुटून काटा कमी दाखवतो. हा उद्योग आम्ही स्वतः केलेला आहे.

'वॉल काढून टाका'

घाटात गाडी बसल्यानंतर ज्या गॅरेजला ती दुरुस्त झाली, तेथे आम्हांस न विचारता थर्मोस्टॅट काढून टाकण्यात आला. ड्रायव्हरला सांगण्यात आले, "आता जल्मात गरम होणार नाही." खरेच झाली नाही. काटा खालच्या चौथाईत राहू लागला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. घाटात काटा खाली आला तेव्हाही निर्धास्तच झालो होतो, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या हिवाळ्यात गाडी सकाळी पांढरा धूर सोडायची, वासाने डोळे चुरचुरायचे. डिझेल जास्त खाऊ लागली. ऑईल बदलताना ते पातळ आणि डिझेलच्या वासाचे निघाले. आम्ही नोझल तपासले, फिल्टर बदलले. शेवटी नवीन आणलेला तापमापक सहज लावून पाहिला तर वीस किलोमीटर चालून आलेल्या इंजिनवर ६२ अंश! इंजिन दिवसभर थंडीत कुडकुडत होते. एवढ्या गार सिलेंडरमध्ये डिझेल पुरते जळत नाही. न जळलेले भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरते, ऑईल पातळ होते, पाण्याचा अंश न उडता आतच गाळ होऊन बसतो, आणि रिंगा-लायनर झिजतात. तापलेले इंजिन एका दुपारी मरते. गारठलेले दोन-तीन वर्षे घेते आणि मरताना कोणाचे नावही सांगत नाही.

नवीन थर्मोस्टॅट बसवला आणि आकडा ८४ वर आला, धूर थांबला. काही इंजिनांच्या रचनेत तर थर्मोस्टॅट काढल्यावर उलट गाडी जास्त तापते, कारण जी आडवाट झडपेने बंद व्हायची ती उघडीच राहते आणि निम्मे पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत बसते. म्हणून कोणी 'वॉल काढून टाकू' म्हणाले तर नको म्हणावे. झडप बिघडली की नाही हे घरी पाहता येते. ती दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगावी, बुडाला टेकू देऊ नये, शेजारी गुऱ्हाळाचा काचेचा थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडे-तिकडे ती उघडू लागली पाहिजे, आणि उकळी फुटेपर्यंत करंगळी जाईल एवढी उघडली पाहिजे. पातेले जुने घ्यावे, घरात वाद नको.

विहिरीचे पाणी

आमच्या मते आपल्याकडच्या गाड्यांचा खरा शत्रू पाणी हाच आहे. कारखान्याच्या बॉयलरला आपण विहिरीचे पाणी घालत नाही. वाफेचे परत आलेले पाणी आणि क्षार काढलेले पाणी घालतो, कारण नळीत क्षाराचा थर बसला की उष्णता पलीकडे जात नाही आणि नळी फुटते. हे आपण वार्षिक सभेत कौतुकाने ऐकतो आणि घरी येऊन पिकअपमध्ये बोअरचे खारे पाणी ओततो. ज्या पाण्याने ठिबकची भोके बुजतात ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांना सोडील काय? तयार मिळणारे कूलंट वापरावे, नाहीतर बॅटरीचे पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. दोन वर्षांनी बदलावे. कूलंट विषारी आणि चवीला गोड असते, काढलेले पाणी गुरे-कुत्री तोंड घालतील असे उघड्यावर सोडू नये.

रेडिएटरच्या बाहेरच्या अंगाला पाचटाचा चुरा, भुसा, किडे यांचा लेप बसतो तो पाण्याच्या साध्या धारेने, पंख्याच्या बाजूने पुढे असा धुवावा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पापुद्रे वाकतात. पंख्याचा पट्टा मध्ये अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीएवढा दबावा. पुढच्या जाळीवर नावाची पाटी, हार, झेंडा लावायची हौस असेल तर ती टपावर भागवावी.

एवढे सगळे करूनही पाणी कमी होत असेल आणि बाहेर थेंब दिसत नसेल, सकाळी गार इंजिन चालू करताच वरचा पाईप टणक फुगत असेल, झाकण काढून पाहिल्यास रेडिएटरात बुडबुडे येत असतील, किंवा ऑईल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर हेडचे पॅकिंग गेले. मग तापमापक ठेवून द्यावा आणि मेकॅनिककडे जावे.

वाटेत गाडी तापलीच तर

काटा टिकलीच्या बराच वर गेला, पण पाणी आहे आणि वाफ नाही, तर गाडी बाजूला घेऊन रिकामी चालू ठेवावी, बॉनेट उघडावे, हीटर असेल तर पूर्ण सोडावा. दोन-तीन मिनिटांत काटा उतरू लागला तर उतरू द्यावा. परंतु वाफ दिसली, किंवा वर गेलेला काटा घाट संपलेला नसताना आपोआप खाली आला, तर त्याच क्षणी इंजिन बंद. त्यानंतर पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. आतले पाणी शंभराच्या वर असून केवळ दाबामुळे थोपलेले असते, झाकण फिरताच त्या सगळ्याची एकदम वाफ होते. आमच्या एका ड्रायव्हरच्या मनगटापासून कोपरापर्यंत ती खूण आहे. पाऊण तासाने ओल्या पोत्याची घडी झाकणावर ठेवून, तोंड बाजूला करून, आधी पाव वेढा, फुसफुस थांबली की उरलेला. पाणी घालायचे ते इंजिन पुरते निवल्यावर, थोडे थोडे. तापलेल्या हेडवर कॅनभर गार पाणी ओतले तर लोखंडाला तडा जातो, आणि मग दोष पाण्याचा राहत नाही.

आपल्या सर्व गट ऑफिसांत या हंगामापासून एकेक इन्फ्रारेड तापमापक ठेवलेला आहे. सभासदाने आपली गाडी आणावी, शेतकी मदतनीस मोजून देतील, शुल्क नाही. येताना गाडी किमान दहा किलोमीटर चालवून आणावी, दारात आल्यावर बंद करू नये आणि काचेवर लावायला टिकली घरून आणावी, ऑफिसात मिळणार नाही.